कळीच्या चुन्याचा लेप

‘गरम लागतंय म्हंजी गुण येतोय.’

या वाक्याचा मला इतका संताप आहे, की आजही कुणी पाठ शेकता शेकता सहज हे बोललं तर माझं डोकं फिरतं. घरचे हसतात. हसू देत. त्या वाक्यापायी माझा गुडघा गेला आणि कुस्ती गेली, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण त्याच वाक्याचं शेपूट धरून गावानं एका पोरीची ठरलेली सोयरीक मोडली. तिचा काडीचा दोष नव्हता. ते मी सोडलेलं नाही, आणि आता या वयात सोडणारही नाही.

पुढं जन्मभर मी शाळेत रसायन शिकवलं. रासायनिक क्रियेत उष्णता कधी बाहेर पडते आणि कधी आत ओढली जाते, हा धडा निघाला की पोरं सावरून बसायची. सरांचा आवाज आता चढणार हे त्यांना माहीत असायचं. का चढतो, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. म्हणून न विचारताच सांगतो.

आमचं गाव कृष्णेच्या काठी, कराड आणि सांगली यांच्या मधलं. लढाई चालू होती. गावातली निम्मी तरणी पोरं फौजेत गेलेली, रॉकेल मिळायचं नाही, आणि सिमेंट म्हणाल तर नावालाही दिसत नव्हतं. मी तालुक्याच्या हायस्कुलात शिकत होतो आणि सकाळ-संध्याकाळ तालमीत घुमत होतो. शाळेत मी बरा होतो, पण तालमीत चांगला होतो, आणि आमच्याकडं या दोन्हींत काय मोठं ते सांगायला नको.

तालमीचे वस्ताद म्हणजे गावाचं दैवतच. पहिल्या लढाईवरून आलेला माणूस. छाती दारात मावायची नाही, मिशी पांढरी आणि आवाज असा की आखाड्यातली माती हलावी. पाटीलसुद्धा त्यांच्यासमोर उभ्यानं बोलायचा. त्यांनी गावातल्या दोन पिढ्या घडवल्या हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. मलाही त्यांनीच घडवलं. पण माणूस एकदा दैवत झाला की त्याला ‘चुकलं’ हा शब्द उच्चारता येत नाही, आणि आजूबाजूच्यांना तो ऐकायचा नसतो.

तालमीचा कायदा एकच, लंगोटाचं पक्कं राहायचं. कुस्ती करायची असेल तोवर बाईमाणसाचा विचारही करायचा नाही. चोरी केली तर वस्ताद कान पिळून सोडायचे, पण लंगोटाच्या कच्च्या पोराला मारुतीच्या समोर उभं करून तालमीतून काढायचे, आणि मग त्या पोराच्या घरी कुणी मुलगी द्यायचं नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला म्हशीवाल्यांचं घर होतं. माझ्या खुराकाचं दूध तिथून यायचं. त्या घरची थोरली मुलगी रोज सकाळी चरवी घेऊन यायची, उंबऱ्यावर उभी राहून माझ्या आईच्या भांड्यात दूध ओतायची, आईशी चार शब्द बोलायची आणि निघून जायची. मला ती दादा म्हणायची. तिची सोयरीक कराडच्या अंगाला एका चांगल्या घरात ठरली होती. नवरामुलगा फौजेत होता, त्याला रजा मिळाली की बार उडवायचा होता. म्हशीवाल्यांनी मांडवाची मेढीसुद्धा तोडून परड्यात टाकून ठेवली होती.

जत्रा जवळ आली होती आणि माझी कुस्ती शेजारगावच्या एका तगड्या पैलवानाशी जोडली होती. जिंकलो तर सांगलीच्या एका मोठ्या तालमीत खुराकासकट ठेवून घेणार, असं वस्तादांनी बोलणं करून ठेवलं होतं. आणि ऐन वेळी, सराव करताना, माझा उजवा गुडघा मुरगळला. टरारून सुजला.

मुरगळ्यावर हळद-चुन्याचा लेप घालायचा हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पानाच्या डबीतला चुना घ्यायचा, म्हणजे आधीच पाण्यात भिजवून मुरवलेला. त्यात हळद कालवायची, कोमट करून लावायचं. बाधत नाही, बरंही वाटतं. पण जत्रा तोंडावर होती आणि वस्तादांना घाई होती. डबीतला चुना मऊ, म्हणाले, त्यानं आठवडा लागंल. आपल्याला कडक पायजे.

कडक चुना दारातच पडला होता. तालमीची मागची भिंत ढासळलेली, सिमेंट नाही म्हणून चुन्यात बांधायची ठरली होती, आणि भट्टीवरून त्याच दिवशी कळीचा चुना आला होता. पांढरे खडे, हाताला कोरडे आणि गार. वस्तादांनी त्यातलेच खडे वरवंट्यानं फोडायला लावले, पितळी परातीत भुकटी घेतली, मूठभर हळद टाकली आणि वरून पाण्याचा हबका मारला. मग काठीनं ढवळलं.

भिंतीवर काम करणारा गवंडी तिथंच होता. तो म्हणाला, ‘वस्ताद, आवं ह्यो हौदात उकळतोय की.’

‘हौद येगळा, लेप येगळा,’ वस्ताद म्हणाले. ‘हौदात घागरी घागरी पाणी असतंय. हितं चुळकाभर हाय.’

गवंडी परत थापीकडं वळला. कोण बोलणार? कळीचा चुना पाण्यात उकळतो हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलं. लहानपणी चुन्याच्या हौदाजवळ गेलो तर आमच्या आया पाठीत धपाटे घालून ओढत आणायच्या. म्हणजे ठाऊक सगळ्यांना होतं. पण हौदात एक, गुडघ्यावर दुसरं, असं वस्तादांनी म्हटलं आणि सगळ्यांच्या ठाऊक असण्यावर पाणी पडलं.

लेप जाड थापला, वर एरंडाचं पान, त्यावर जुन्या धोतराची पट्टी करकचून आवळली. सुरुवातीला कोमट लागलं. सुखावलो. मग गरम. मग चटका.

‘गरम लागतंय का?’ वस्तादांनी विचारलं.

‘व्हय.’

‘गरम लागतंय म्हंजी गुण येतोय. गप बस.’

मी गप्प बसलो. पैलवानानं ओरडायचं नाही हा तालमीचा पहिला धडा. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तसं मी मारुतीकडं बघत राहिलो, दात ओठांत रुतवले, आणि मनात म्हणत राहिलो की गुण येतोय, लय गुण येतोय. आणि आता ऐका, माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते ती कशामुळं. त्याच वर्षी शाळेच्या परीक्षेत मी लिहिलं होतं, ‘कळीच्या चुन्यावर पाणी टाकले असता उष्णता बाहेर पडते.’ शब्द न् शब्द पुस्तकातला. पैकीच्या पैकी गुण. मास्तरांनी ते वाक्य आमच्याकडून छडीच्या धाकानं घोकून घेतलं होतं, पण एकदा, एकदाही, चिमूटभर चुना आणि पाणी आणून ‘हात लावून बघा रे’ असं म्हटलं नव्हतं. गुडघा भाजत होता आणि ते वाक्य माझ्या डोक्यात पेटीत ठेवल्यासारखं बंद पडून होतं.

संध्याकाळी पट्टी सोडली तेव्हा पानाबरोबर कातडीही आली. कडेनं हे एवढाले फोड, मधे पांढरंफटक मांस. तालमीतली पोरं मागं सरकली. वस्ताद वाकून बघत राहिले. त्यांचा चेहरा उतरलेला मी पाहिला, नक्की पाहिला. त्या क्षणी ते ‘चुकलं रं गड्या’ एवढं म्हणाले असते, तर मी गुडघा विसरलो असतो आणि त्यांच्या पाया पडलो असतो.

ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, ‘काल ह्योच लेप दुसऱ्याच्या खांद्याला लावला. त्येला फोड न्हाई आला. लंगोट पक्का असंल तर चुना भाजत न्हाई.’

उचलली जीभ लावली टाळ्याला. एवढंच बोलले आणि मारुतीला हात जोडून निघून गेले.

त्या दुसऱ्या पोराला फोड का आला नाही, ते आता सांगतो, म्हणजे माझा राग जरा निवेल. भट्टीत चुनखडीचा दगड भाजतात. भट्टीची उष्णता दगडात शिरते, पण ती दगड नुसता तापवून थांबत नाही. दगडातला एक वायू त्याला धरून असतो, त्याची ती पकड सोडवायला ही उष्णता खर्ची पडते. भट्टी विझते, दगड गार होतो, त्याची कळी होते. हाताला गार लागते म्हणून ती निरुपद्रवी, असं नव्हे. भट्टीनं घातलेल्या ऊर्जेतला मोठा वाटा तिच्यात कोंडून असतो. पाणी भेटलं की कळी पाण्याशी नव्यानं बांधली जाते, आणि बांधली जाताना ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर येते. पोरांना मी एवढंच सांगायचो, तोडायला ऊर्जा घालावी लागते, जुळताना ऊर्जा सुटते. घातली त्यापेक्षा सुटली जास्त, तर भांडं तापतं. घातली जास्त आणि सुटली कमी, तर भांडं गार पडतं. नवसागर पाण्यात विरघळवून बघा, भांड्याला घाम फुटेल इतकं गार होतं. बाकी सगळी रसायनं याच हिशेबानं चालतात.

तर दुसऱ्या पोराला लावलेला चुना जुन्या पोत्यातला होता. किती तरी दिवस तोंड उघडं टाकून पडलेला. नदीकाठची दमट हवा पिऊन तो हळूहळू विझून गेला होता, त्याच्यात सुटायला काही उरलंच नव्हतं. माझा चुना भट्टीवरून त्याच दिवशी आलेला, जिवंत. त्यातून खडे फार भाजलेले असले तर पाणी उशिरा पितात, म्हणून कालवताना कोमट आणि पट्टीखाली आग. आणि वस्तादांचं ते चुळकाभर पाणी! हौदात घागरीनं पाणी असतं म्हणून उष्णता त्या सगळ्या पाण्यात वाटली जाते. पाणी कमी, तर तीच उष्णता थोडक्या जागेत कोंडते आणि जास्त भाजते. वर चुना स्वतः कातडी खातो ते निराळंच. म्हणजे वस्ताद बोलले त्याच्या नेमकं उलट. दोन पोती, एक जुनं आणि एक नवं. यात लंगोट आला कुठून?

पण गावाला पोत्यांत रस नव्हता. लंगोट कच्चा म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेलाच, कोण ती? आणि लोकांनी बघता बघता उत्तर काढलं. रोज सकाळी पैलवानाच्या दारात कोण जातं? चरवी घेऊन कोण उभं राहतं? झालं. पाणवठ्यावर कुजबुज, पारावर खाकरणं, दळणाच्या रांगेत मान वळवणं. जत्रा व्हायच्या आत ती बातमी कराडच्या अंगाला पोचली आणि तिकडून निरोप आला की सोयरीक मोडली.

आणि मला काय झालं म्हणता? काही नाही! कुस्ती गेली ती गुडघ्यामुळं, आणि लंगड्याला तालमीतून काढायचं तरी काय, म्हणून मारुतीसमोरही कुणी उभं केलं नाही. बाकी लोक मला म्हणायचे, तरणं पोर हाय, चुकलं असंल. वयच तसलं. पाटलानं तर पाठीवर थाप मारली. चोर सोडून संन्याशाला फाशी असं म्हणतात, पण इथं चोरीच झाली नव्हती आणि फाशी मात्र त्या पोरीला. मी घरोघर सांगितलं, शपथा घेतल्या. लोक हसून मान डोलवायचे. नाकारणार नाही तर काय करंल, असा तो चेहरा.

मग ती स्वतः तालमीच्या दाराशी आली. आमच्याकडं बाई तालमीच्या पायरीवरही चढत नाही. ती पायरीच्या खाली, पण अगदी दारासमोर, पदर नीट डोक्यावर घेऊन उभी राहिली. संध्याकाळची वेळ, सगळी पोरं, म्हातारी माणसं, वस्ताद, सगळे होते. मी काठी टेकून पलीकडं बसलो होतो.

‘मी ह्येला दादा म्हनते,’ ती म्हणाली. ‘लेपानं भाजलंय त्येला. माझ्या आईचं हात असंच सोललं व्हतं, घराला सफेदी करताना, नवा चुना कालवला तवा. तिचा काय लंगोट सुटला व्हता?’

शब्द सगळे सरळ आले. मला वाटलं, झालं, आता कुणी तरी उठेल. गवंडी होता ना तिथं. तो जमिनीकडं बघत होता. एक म्हातारा म्हणाला, पोरीच्या जातीनं असलं बोलू नये, घरी जा बाई. दुसरा म्हणाला, बघितलं का, कशी कैवार घ्यायला आली. तेवढंच उरलं होतं! तिच्या येण्याचाच पुरावा केला. वस्ताद जोर काढणाऱ्या पोरांकडं तोंड करून उभे राहिले. ती परत गेली. घरी बापानं तिला मारलं असं आईकडून कळलं.

दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीत बसून तालुक्याला गेलो, शास्त्राच्या मास्तरांकडं. म्हटलं, तुम्ही शिकलेले आहात, तुमचं ऐकतील. एकदा गावात या आणि पुस्तकातलं ते एक वाक्य लोकांसमोर सांगा. दुसरं काही नको. त्यांनी माझा गुडघा बघितला, च् च् केलं, आत जाऊन पाणी आणून दिलं. मग म्हणाले, ‘अरे, ते परीक्षेसाठी असतं. तालमीच्या दारात जाऊन कोण सांगणार?’ भले शाब्बास! परीक्षेसाठी असतं! आम्ही पोरांनी त्या एका वाक्यासाठी हातावर वळ घेतले होते. परत येताना गाडीत मी रागानं रडलो. गुडघा भाजला तेव्हा रडलो नव्हतो तेवढा.

पण त्या रागानंच डोकं चाललं. सांगून ऐकत नाहीत ना? हातच्या कांकणाला आरसा कशाला, दाखवू.

शनिवार पाहिला, कारण शनिवारी मारुतीला तेल घालायला सगळं गाव येतं. भट्टीवर जाऊन त्याच दिवशी निघालेले चुन्याचे खडे पत्र्याच्या डब्यात झाकण लावून आणले. कल्हईवाल्याकडून नवसागर मागून घेतला. आणि मागच्या आळीतून कोंबडीचं एक अंडं. मारुतीच्या तालमीत अंडं न्यायचं नाही, म्हणून समोर पिंपळाच्या पारावर बसलो. लंगडं पोर काय खेळ मांडतंय म्हणून माणसं जमली. वस्ताद तालमीच्या दारात हाताची घडी घालून उभे होते.

आधी लोट्यात पाणी घेतलं, त्यात नवसागर टाकून ढवळलं आणि लोटा पाटलाच्या हातात दिला. कसा लागतोय म्हणून विचारलं.

‘आयला, गार पडला की रं,’ पाटील म्हणाला. लोटा हातोहाती फिरला.

‘लोटा गार पडला,’ मी म्हणालो. ‘मग ह्यो लोटा लय ब्रह्मचारी म्हनायचा का?’

लोक फसफसून हसले. मी हसलो नाही. मग सगळ्यांसमोर खडे फोडले, परात तीच, हळद तीच, पाण्याचा हबका तेवढाच, काठीनं ढवळणं तसंच. अंड्याला जाड लेप थापला, एरंडाचं पान, वर धोतराची पट्टी. वस्तादांनी बांधली होती तश्शी. पारावर ठेवलं. जरा वेळानं पट्टीतून वाफ यायला लागली. पोरं पुढं सरकली, एकानं बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. पुरेशी वाट बघून मी काठीनं पट्टी सोडली, अंडं पाण्यात धुतलं आणि पाराच्या कडेवर फोडलं. आत पांढरं घट्ट, शिजलेलं.

मी ते हातावर घेऊन वस्तादांकडं धरलं. ‘वस्ताद, ह्या अंड्यानं कुनाच्या चरवीतलं दूध घेतलं व्हतं?’

तेव्हा कुणी हसलं नाही. मग पाटील म्हणाला, आरं व्हय की, चुन्यानंच भाजलंय पोराला. आणि त्याच्या मागनं सगळे. व्हय की, आमी तवाच म्हनत व्हतो. गवंडी तर छाती पुढं काढून सांगायला लागला की आपण आधीच बोललो होतो. सगळे जण जणू जन्मापासून माझ्याच बाजूचे. असली चीड आली होती मला, की ते अंडं कुणाच्या तरी तोंडावर फेकावं. वस्तादांनी घडी सोडली, ‘आसंल,’ म्हणाले आणि आत गेले.

आसंल! एक माणूस अधू झाला, एका पोरीचं घर मोडलं, आणि त्याची किंमत ‘आसंल’.

मी लंगडत तसाच म्हशीवाल्यांच्या घरी गेलो. तिच्या बापानं सगळं ऐकलं होतं, पारावरून त्याला बोलावणंही गेलं होतं. तो खाली मान घालून बसला होता. म्हणाला, कराडकरांनी दुसरीकडं जमवलं. आणि आपण गडबडीत तिकडं पूर्वेला, आटपाडीच्या पलीकडं, एका बिजवराला होकार कळवलाय. मी म्हटलं, मग नकार कळवा, आता तर खरं काय ते गावाला कळलं. तो म्हणाला, ‘शब्द दिलाय रं. मराठ्याचा शब्द हाय, माघारी कसा घ्यायचा?’

मी तसाच उठून आलो. परड्यातली मेढी उचलली, मांडव घातला आणि तिला त्या कोरड्या मुलखात देऊन टाकलं. लग्नाला अख्खं गाव जेवलं. वस्तादही आले होते, पहिल्या पंगतीला. मी गेलो नाही.

पुढच्या पंचमीला ती माहेराला आली. मी तोवर मॅट्रिकच्या अभ्यासाला लागलो होतो, गुडघा आखडून कायमचा तिरका झाला होता. सकाळी ती आमच्या उंबऱ्यावर आली, हातात तीच चरवी. वाळली होती, उन्हानं काळवंडली होती. आईशी बोलली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, दादा, गुडघा कसा हाय?

मला वाटलं, हिला ते सांगितलं पाहिजे. मी सांगायला लागलो, भट्टीवर कसा गेलो, लोटा कसा गार पडला, पट्टीतून वाफ कशी आली, अंडं फोडल्यावर सगळ्यांची तोंडं कशी बंद झाली. मला अजून त्याचा अभिमान होता. ती दाराच्या चौकटीला टेकून शेवटपर्यंत ऐकत राहिली.

‘ऐकलंय मी,’ ती म्हणाली. ‘आमच्या तिकडंबी ही गोष्ट पोचलीया. पर दादा, मी तेच सांगितलं व्हतं की रं. तालमीच्या दारात उभी ऱ्हाऊन. माझं कुनी ऐकलं न्हाई. अंड्याचं ऐकलं.’

मग तिनं चरवी आईच्या भांड्यात ओतली, पदरानं कड पुसली आणि गेली.